चकोर आणि दुसरं ब्लँकेट

आमच्या गाडीचं पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं, हे लोकांना समजावण्यात माझ्या आयुष्याचा बराच भाग वाया गेला आहे. चकोरचं इंजिन मागे होतं आणि डिकी पुढे. पंक्चरवाला असो, पंपावरचा माणूस असो, नाही तर वाटेत मदतीला थांबलेला एखादा सज्जन असो, प्रत्येक जण आधी पुढचं झाकण उघडायचा. आत स्टेपनी, पाण्याचा डबा आणि आईची छत्री बघून तो आमच्याकडे दयेने पाहायचा. "भाईसाब, इंजन तो है ही नहीं." गेल्या आठवड्यात गुडगावच्या आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये भंगारवाल्यानेही हेच केलं. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, गुडघ्याला पट्टा बांधलेला, आणि त्याला हाताला धरून गाडीच्या मागे नेत होते. तो म्हणाला, "मैडम, पीछे तो डिग्गी होती है." मला रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग. रागच येतो हल्ली. निदान त्यात नाक पुसावं लागत नाही.

आम्ही तेव्हा सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, मागे एक अंगण, अंगणात आईने लावलेला कढीपत्ता आणि वाळत घातलेल्या सांडग्यांवर टपून बसलेल्या चिमण्या. बाबा भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून शिकत शिकत दिल्लीच्या एका मंत्रालयात पोचले होते. गावात मेश्राम आडनावाच्या माणसाच्या दारात साधी बैलगाडीही उभी राहिलेली नव्हती. त्यामुळे बाबांनी गाडी घ्यायची ठरवली तेव्हा तो आमच्या घराचा जाहीरनामाच होता. त्या काळी लोकांना हवी असणारी गाडी घ्यायची तर नंबर लावावा लागायचा, मग वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची, किंवा कुणाची तरी चिठ्ठी आणावी लागायची. बाबांनी दोन्हींना नकार दिला. "रांगेत उभं राहण्यात आमच्या पिढ्या गेल्या," ते म्हणाले, "आणि चिठ्ठी मागण्यात राहिलेल्या जातील." चकोरला रांग नव्हती. पैसे द्या, किल्ली घ्या. ज्या गाडीला रांग नाही तिला रांग का नाही, हा प्रश्न आईने विचारला होता. बाबांनी तो ऐकला नाही.

गाडी पिस्ता रंगाची होती. तिचे दिवे एकमेकांच्या फार जवळ होते, त्यामुळे चेहऱ्यावर कायम आश्चर्य. गिअरचा दांडा डॅशबोर्डमधून बाहेर यायचा आणि बाबा गिअर बदलताना कुणाच्या तरी खिशातून पाकीट काढल्यासारखे दिसायचे. हॉर्न मात्र फार गोड होता, दोन सुरांचा, आधी वरचा आणि मग खालचा, कुणी लांबून हाक मारावी तसा. आई पोळ्या करताना तो आवाज आला की तव्यावरची पोळी उलटून म्हणायची, "आली बया." बाबा आले असं ती कधी म्हणाली नाही. आधी बया यायची, मग बाबा.

ती दक्षिणेत कुठेतरी बनलेली होती, आणि दिल्लीची थंडी तिला ठाऊकच नव्हती. डिसेंबर लागला की सकाळी ती सुरू व्हायला नकार द्यायची. मग आमचं घर कामाला लागायचं. चोकची कळ डावीकडे होती, ती आई ओढायची. मी आणि माझी थोरली बहीण, सुजाताताई, मागून ढकलायचो. बाबा किल्ली फिरवून कान टवकारायचे. खर्र, खर्र, फट्. मग शांतता, आणि त्या शांततेत शेजारच्या मल्होत्रा अंकलचा आवाज. ते रोज चहाचा कप घेऊन व्हरांड्यात उभे असायचे, जणू त्यांनी तिकीट काढलं होतं. "मेश्राम साब, चकोर है, चाँद निकलेगा तभी चलेगी." बाबा हसायचे नाहीत. शेवटी त्यांनीच उपाय शोधला. रात्री गाडी उभी केली की आईने मागचं झाकण उघडून इंजिनावर एक जुनं ब्लँकेट पांघरायचं आणि सकाळी किल्ली लावण्याआधी बाबांनी स्वतः ते काढायचं. काढण्याचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. आम्ही मुली असून आमच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला ते कधी उठले नसतील, पण चकोरचं ब्लँकेट ते रोज झटकून, घडी घालून, खुर्चीवर ठेवायचे.

माझा मुलगा अनिकेत मानेसरला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे. मी हे सांगायला लागले की तो मोबाइलमधून डोकं न काढता म्हणतो, "आई, यार, सीरियसली, तुम्ही इंजिनला कंबल घालायचात?" हो, घालायचो. तुझ्या कारखान्यातल्या गाड्यांना कुणी घालत नाही, कारण त्यातली कुठली कुणाची हे पार्किंगमध्ये रिमोट दाबल्याशिवाय कळत नाही. असं मी बोलते आणि मग अर्धा तास आमच्यात अबोला असतो.

चकोर कंपनी तेव्हाच आजारी पडायला लागली होती, पण ते आम्हाला घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं कळतं तसं, हळूहळू कळलं. करोल बागेतल्या शोरूममध्ये एका कोपऱ्यात फ्रिज दिसायला लागले. पुढच्या खेपेला फ्रिज मध्यभागी होते आणि एकुलती एक चकोर कोपऱ्यात. मग ती पण गेली. पंख्याचा पट्टा मागितला तर विक्रेता म्हणाला, "सर, डबल डोर दिखाऊँ?" बाबा घरी येऊन म्हणाले, तात्पुरतं आहे. मला तेव्हा त्यांचा इतका वैताग यायचा. कॉलेजच्या मैत्रिणींचे वडील सरळ गाड्या चालवायचे, ज्यांची तोंडं पुढे होती. मी बाबांना एक चौक आधीच सोडायला सांगायची, आणि ते न विचारता सोडायचे, पण जाताना तो दोन सुरांचा हॉर्न हमखास वाजवायचे. सगळा चौक वळून बघायचा.

त्याच हिवाळ्यात ताईचं ठरायची वेळ आली. ठरायची म्हणजे आमच्या लेखी. ताईच्या लेखी ते एप्रिलमध्येच ठरलं होतं. चौदा तारखेला संसद मार्गावर आमच्या विदर्भाच्या मंडळींचा खिचडीचा स्टॉल असायचा. तिथे पळीने वाढता वाढता तिची प्रशांत गजभियेशी ओळख झाली. तो पानिपतच्या एका कारखान्यात नोकरीला होता. त्यानंतर ताई अचानक वाचनालयात फार जायला लागली. तिने कुणाला काही सांगितलं नाही आणि घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं. अडचण प्रशांतच्या वडिलांची होती. गजभिये काका निवृत्त हेडमास्तर. ते नागपूरहून मुलाकडे आले होते, आणि नागपुरात त्यांच्या मित्राच्या मुलीचं स्थळ जवळजवळ पक्कं धरून आले होते. मुलाने हट्ट केला म्हणून ते ताईला बघायला तयार झाले, तेही परत निघायच्या दिवशी. रविवारी अकरा वाजता या, संध्याकाळी माझी गाडी आहे, नागपूरला पोचून मी त्यांना होकार कळवणार आहे, काय ते त्याआधी. असा निरोप त्यांनी मल्होत्रा अंकलच्या फोनवर दिला. बाबांनी त्या फोनवर, मल्होत्रा अंकल कान देऊन उभे असताना, छाती काढून सांगितलं, "आम्ही आपल्या गाडीने येतो."

आम्ही तिघींनी त्यांच्या विनवण्या केल्या. सकाळची रेल्वे होती, बस होती, ताईच्या मैत्रिणीच्या काकाची जीपसुद्धा मिळत होती. आईने भाकरी थापता थापता सांगून पाहिलं. मी म्हणाले की मराठी माणसांनी पानिपतला जाताना तयारी नीट करावी, आणि त्यावर बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की उरलेला विनोद मी भाकरीबरोबर गिळला. ताई रात्रभर साडीला इस्त्री करत होती असं मला आठवतं. कुठली साडी इतकी लांब असते? बाबांचं म्हणणं एकच, शब्द दिला आहे. आज मी त्या वयाची झाले आहे, तर मला त्या हट्टाचं मूळ कळतं. तरी तो हट्ट आठवला की चीड येतेच. कळणं आणि चीड येणं दोन्ही एकाच माणसात सुखाने राहतात, निदान माझ्यात तरी.

रविवारी धुकं असं होतं की अंगणातला कढीपत्ता दिसत नव्हता. आईने पहाटे उठून सांबारवड्या तळल्या होत्या. कोथिंबिरीचा, खोबऱ्याचा आणि तेलाचा तो वास अजून हिवाळ्यात मंडईतून जाताना माझ्या नाकात उभा राहतो. डबा तिने मांडीवर घेतला. बाबांनी कोट घातला, टाय बांधला, अंधारात मागचं झाकण उघडलं, ब्लँकेट ओढून काढलं, झटकलं, घडी घातली, झाकण लावलं. आणि नवल म्हणजे चकोर पहिल्याच किल्लीला सुरू झाली. मल्होत्रा अंकल चहा विसरले. बाबांनी दोन सुरांचा हॉर्न वाजवला आणि आम्ही निघालो. मुरथळला ढाब्यांवरून पराठ्यांचा धूर येत होता, बाबा थांबले नाहीत. उशीर नको. त्यांनी चक्क शीळ घातली. ताई खिडकीच्या काचेवर बोटाने काहीतरी लिहून पुसत होती.

गन्नौर मागे पडलं तेव्हा आधी वास आला. लोकर जळते तेव्हा केस जळल्यासारखा वास येतो. मग खडखड, मग मागच्या काचेत पांढरा धूर, आणि चकोर रस्त्याच्या कडेला जाऊन मुकाट उभी राहिली. बाबांनी उतरून झाकण उघडलं. आम्ही थर्मासमधला सगळा चहा त्यात ओतला. धूर कमी झाला तसं आत दिसायला लागलं. एक कोरं, लाल चौकड्यांचं ब्लँकेट होतं, अर्धं पंख्याच्या पट्ट्याला गुंडाळलेलं, अर्धं कोळसा. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. आपण रोजचं ब्लँकेट काढलं होतं, हे त्यांना पक्कं आठवत होतं. ते मागच्या सीटवर घडी घालून ठेवलेलं दिसतही होतं. आई डबा धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, "दोन होती."

आदल्या रात्री थंडी फार होती. लेकीचं स्थळ आहे, उद्या गाडीने दगा द्यायला नको, म्हणून तिने जुन्याच्या खाली ठेवणीतलं नवं ब्लँकेट इंजिनाला नीट खोचून घातलं होतं, बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं. ते पानिपतचंच होतं. बाबांना सांगायचं राहिलं, कारण पहाटे वड्या होत्या. बाबा तिला एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं असं आई पुढे अनेकदा म्हणाली.

पट्टा तुटला होता, आणि चकोरचा पट्टा आता हिंदुस्थानात कुठे मिळत होता हे फ्रिजवाल्यालाही माहीत नव्हतं. एक ट्रॅक्टरवाला थांबला. त्याने पुढचं झाकण उघडलं. तो गेला. बाबा म्हणाले, काहीतरी मार्ग निघेल, आपण थांबू. आई म्हणाली की ती यांना एकटं सोडून कुठे जाणार. आणि बाबा गाडीला एकटं सोडून जाणार नव्हते. अकरा वाजून गेले होते. ताईने साडीचा पदर कमरेला खोचला आणि लांबून येणाऱ्या रोडवेजच्या बसला हात केला.

"अगं, मुलगी काय एकटी जाते दाखवून घ्यायला?" बाबा म्हणाले.

"एकटी नाही. मीनाला नेते."

"लोक काय म्हणतील?"

ताईचा एक पाय बसच्या पायरीवर होता. कंडक्टर शिट्टी तोंडात धरून आमच्याकडे बघत होता. ती म्हणाली, "बाबा, रांगेत उभं राहायचं नाही म्हणून तुम्ही ही गाडी घेतलीत. मग मी इथे कशाची वाट बघत उभी राहू?"

आईने खिडकीतून डबा देऊ केला, ताईने घेतला नाही. "तो तुमच्याबरोबर येऊ दे," ती म्हणाली, "तुम्ही येणार आहात."

गजभियांच्या क्वार्टरचं दार काकांनी स्वतः उघडलं. त्यांच्या हातात घड्याळ होतं, मनगटावर नाही, हातात. पाठीमागे बांधून ठेवलेली होल्डॉल दिसत होती. आमच्या अंगाला जळक्या लोकरीचा वास येत होता आणि माझ्या गालावर काजळी होती, हे मला प्रशांतच्या आईच्या चेहऱ्यावरून कळलं. प्रशांत पडद्याआडून पुढे आला आणि तिथेच थांबला.

"वडील कुठे आहेत?" काकांनी विचारलं.

"गाडीपाशी."

"गाडी कुठे आहे?"

"गन्नौरच्या पुढे. बंद पडली आहे."

"आणि तू?"

"मी इथे आहे," ताई म्हणाली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. वर्गात उशिरा आलेल्या मुलाकडे आयुष्यभर बघितलेल्या माणसाचं ते बघणं होतं. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी घड्याळ मनगटावर बांधलं आणि आतल्या दिशेने वळून सांगितलं, "माझे बूट आण गं." प्रशांत कारखान्यातल्या मित्राची जीप आणायला पळत सुटला. काकूंनी आम्हाला पाटावर बसवून गरम वरणभात वाढला. ताईने दोन घास खाल्ले आणि पुन्हा उठली. मी मात्र दुसऱ्यांदा भात घेतला, हे आमच्या घरात अजून सांगितलं जातं.

आम्ही पोचलो तेव्हा आई गाडीत वड्यांचा डबा धरून तशीच बसली होती, आणि बाबा झाकणाशी उभे होते. टाय सरळ होता, हात कोपरापर्यंत काळे होते. दोन वडिलांनी एकमेकांना जयभीम घातला. काकांनी मागचं झाकण उघडून आत पाहिलं. पुढे ते गेलेच नाहीत, सरळ मागे. बाबांच्या चेहऱ्यावर तेवढ्याने काहीतरी हललं. मग प्रशांतने दोरी काढली आणि ते पुन्हा मिटून गेलं. दुसरा इलाज नव्हता. जीप पुढे, दोरी, मागे चकोर. आई आणि ताई जीपमध्ये बसल्या. मी बाबांच्या शेजारी. पानिपतपर्यंत स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ते फक्त दोरीकडे बघत होते. ती ताणली की त्यांची मान वर व्हायची, सैल पडली की खाली. कुणाची चिठ्ठी न घेतलेला माणूस दुसऱ्याच्या दोरीने ओढला जात होता, आणि तेही लेकीच्या सासरी. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मला फक्त एवढंच सुचलं की काकूंचा भात छान होता.

कॉलनीच्या वळणावर बाबांनी हॉर्न वाजवला. वरचा सूर, खालचा सूर. जीप थांबली. बाबा उतरून काकांपाशी गेले. मी खिडकीतून ऐकत होते.

"सर, इथून दोरी सोडाल का?" बाबा म्हणाले. "मी फोनवर सांगितलं होतं, आपल्या गाडीने येतो."

गजभिये काकांनी विचारलं नाही की त्याने काय फरक पडतो. त्यांनी कोट काढला, घडी घालून जीपच्या सीटवर ठेवला, बाह्या सरसावल्या आणि चकोरच्या मागे जाऊन, जळक्या लोकरीच्या वासात, झाकणावर दोन्ही हात टेकले. "प्रशांत, काय बघतोस? ये." मग प्रशांत आला, त्याच्या शेजारी ताई आली, इस्त्रीची साडी आणि सगळं. मी उतरायला गेले तर बाबा म्हणाले, "तू बस, वजन राहू दे," जे खोटं होतं, त्यांना सोबत हवी होती. आई डबा घेऊन बाजूने चालत राहिली. क्वार्टरांच्या दारांत लोक उभे राहिले. मागून काकांचा हेडमास्तरी आवाज येत होता, "एक साथ! ढकला!" आणि बाबा ताठ बसून, आरशात बघत, हात दाखवून, वळण घेऊन, आपल्या गाडीने गजभियांच्या फाटकापर्यंत आले. त्यांनी हॅन्डब्रेक ओढला. उतरले, कोटाची बटणं लावली, धापा टाकणाऱ्या काकांकडे गेले आणि नव्याने भेटल्यासारखा हात पुढे केला. "थोडा उशीर झाला," ते म्हणाले.

काकांची त्या संध्याकाळची रेल्वे चुकली. नागपूरला होकार गेला नाही. वड्या थंड झाल्या होत्या, तरी डबा रिकामा झाला.

त्यानंतर चकोर आमच्याकडे राहिली ती राहिलीच. कंपनी बुडाली, शोरूममध्ये आता गाद्या मिळतात, बाबा गेले, त्यांच्या आधी आई गेली. दिल्लीच्या जुन्या गाड्यांच्या नियमाने तिचं वय कधीच सरलं, रस्त्यावर आणायची सोय नाही. चकोरवाल्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. पूर्वी त्यात सुट्या भागांच्या चौकशा यायच्या, आता सकाळचे सुविचार आणि श्रद्धांजल्या येतात. सोसायटीने नोटीस लावली आहे की बेसमेंटमधली नादुरुस्त वाहनं हलवा. मी भांडले, अर्ज दिले, सेक्रेटरीला हॉर्न वाजवून दाखवला. तो म्हणाला, "मैम, साउंड तो स्वीट है, पर रूल इज रूल." अनिकेतने समजूत काढली. ती मला नको होती. शनिवारी भंगारवाला येतो आहे. छत बुटकं आहे, क्रेन आत येणार नाही, दोरी बांधून छोट्या ट्रकने वर ओढून काढू, असं त्याने सांगितलं.

काल रात्री मी पानिपतला फोन केला. ताई आता साठीची आहे, भाऊजी निवृत्त झाले आहेत. मी सगळं सांगितलं, नोटीस, ट्रक, पुढचं झाकण उघडणारा तो माणूस. माझं रडगाणं संपलं तेव्हा ती म्हणाली, "त्याला सांग, ट्रक फाटकाबाहेर उभा कर. दोरी लावू द्यायची नाही. आम्ही येतो ढकलायला."

मी म्हणाले, अगं, तुझे गुडघे, तो चढ, भाऊजींचं ब्लडप्रेशर, आणि शनिवारी ट्रॅफिक किती असतं. येणार तरी कशाने?

"बसने," ती म्हणाली. "तू फक्त स्टिअरिंगला बस."